इंग्लंडातल्या फ्लॅटची लीज ८० वर्षांवर आली आहे. बेळगावात बसून वाढवता येईल का?

तिसरं_गेट
नमस्कार. जरा मोठं आहे, पण हाताशी वेळ कमी आहे म्हणून सगळं एकदमच लिहिते.

मी आणि माझे मिस्टर २०११ ते २०२३ इंग्लंडात होतो. २०१४ साली रेडिंगला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, कर्ज काढून. पुढे आईचं करणं बाबांना एकट्याने झेपेना, तेव्हा गाशा गुंडाळून टिळकवाडीत परत आलो. फ्लॅट भाड्याने दिला आहे आणि भाडं तिथल्याच बँकेत जमा होतं.

फ्लॅट लीजहोल्ड आहे. लीज २४ जून २००७ पासून ९९ वर्षांची. घेतला तेव्हा ९२ वर्षं शिल्लक होती आणि त्या आकड्याकडे आम्ही दोघांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आता जानेवारी २०२६. म्हणजे ८० वर्षं पाच महिने. येत्या २४ जूनला बरोबर ८०, आणि त्याखाली गेलं की खर्च एकदम चढतो असं तिथल्या एजंटने सांगितलं.

गेल्या आठवड्यात जमीनमालक कंपनीचं पत्र आलं. ६,५०० पौंड भरा, आजपासून १२५ वर्षांची लीज करून देतो. वर्षाचं २५० पौंड ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीचं भाडं, मात्र २१०६ पर्यंत चालू राहील. २१ दिवसांत उत्तर द्या.

ही ऑफर घ्यावी का? की कायद्याने नोटीस द्यावी? एक ओळखीचे म्हणाले, नवा कायदा झालाय, थांबा. आणि हे सगळं इथून होतं का? आईला सोडून मला आत्ता हलता येणार नाही. यातून कुणी गेलं असेल तर कृपया लिहा.

अनगोळकर
ताई, यात एवढं काळजीचं काय? आमचं वरचं घर लीजलाच दिलंय की. पाच लाख घेतलेत, तीन वर्षं भाडं नाही, सोडताना पाच लाख परत. मुदत संपली की नवा स्टँप पेपर करायचा आणि दोघांनी सह्या करायच्या. ६,५०० पौंड कशाला द्यायचे?

तिसरं_गेट
दादा, आपल्याकडच्या लीजचा आणि याचा संबंध नाही. आपण रक्कम अनामत ठेवून राहतो, घर मालकाचंच असतं. तिकडे फ्लॅट आम्ही पूर्ण किंमत देऊन विकत घेतलाय. पण विकत घेतलं म्हणजे काय, तर ठरावीक वर्षं तिथे राहण्याचा हक्क. जमीन आणि इमारत दुसऱ्याची. मुदत संपली की फ्लॅट त्याच्याकडे जातो.

अनगोळकर
म्हणजे वीस-पंचवीस वर्षं कर्ज फेडायचं आणि शेवटी घर त्याचं? हे काही मला पटलं नाही बघा. माफ करा, मला ठाऊक नव्हतं. वाचत राहतो.

कॅम्पातला
अनगोळकर, लांब कशाला जाता, आपल्या कॅम्पात या. आमचं घर तिथेच आहे. आजोबांनी कँटोन्मेंटची लीज घेतली ती ३० वर्षांची. दोनदा वाढवून मिळते, म्हणजे सगळी मिळून ९० वर्षं. पहिलं नूतनीकरण वडिलांनी वेळेत केलं. दुसऱ्याच्या वेळी मोठे काका आजारी, कागद त्यांच्या लोखंडी कपाटात, किल्ली कुणाकडे ते माहीत नाही. अर्ज गेला तो मुदत उलटल्यावर. त्यानंतर कित्येक वर्षं हेलपाटे. घराला गळती लागली तर दुरुस्तीची परवानगी मागायलाही आधी लीजचं विचारतात. विकायचं तर नावच काढू नका.

शेजारचा बंगला ‘ओल्ड ग्रँट’चा आहे. त्यांचं तर आणखी अवघड. घर त्यांचं, जमीन सरकारची, आणि सरकारला ती परत घेण्याचा हक्क.

ताई, तुम्हाला निदान तारीख माहीत आहे. आमच्या घरात ती तारीख कुणी भिंतीवर लिहून ठेवली असती तर आज ही वेळ आली नसती. जूनची वाट बघू नका एवढंच कळकळीने सांगतो.

लेस्टरचा_शहापूरकर
मी यातून दोनदा गेलोय. एकदा चुकून आणि एकदा नीट. सविस्तर लिहितो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९३च्या कायद्याने फ्लॅटवाल्याला हक्क दिलाय: मूळ लीज २१ वर्षांहून जास्त मुदतीची असेल तर शिल्लक मुदतीत ९० वर्षांची भर आणि ग्राउंड रेंट शून्य. जमीनमालक नाही म्हणू शकत नाही, फक्त किमतीवर वाद घालू शकतो. यासाठी कलम ४२ची नोटीस द्यायची. नोटिशीत तुम्ही किती रक्कम देऊ करता ते लिहायचं. तो आकडा वास्तवाला धरून हवा, उगाच १०० पौंड लिहिले तर नोटीसच बाद ठरू शकते. त्याला उत्तर द्यायला किमान दोन महिने द्यावे लागतात. तो अनामत मागू शकतो: देऊ केलेल्या रकमेच्या १० टक्के किंवा २५० पौंड, जे जास्त असेल ते. त्याच्या वकिलाचा आणि मूल्यांकनाचा वाजवी खर्चही आजच्या घडीला तुमच्याच माथी.

सगळ्यात महत्त्वाचं, किंमत ठरते ती नोटीस ज्या दिवशी दिली त्या दिवसाची. पुढे वर्षभर घोळ चालला तरी चालेल. २४ जूनच्या आत नोटीस पोचली की तुम्ही ८०च्या वरच धरल्या जाता.

आता माझी चूक. २०१७ साली आमची ८० वर्षं आणि थोडे महिने शिल्लक होती. नोटीस दिली, उत्तर आलं, त्यांचा आकडा आमच्या दुप्पट. मग ईमेल सुरू. आमचा माणूस हजार वाढवायचा, त्यांचा पाचशे उतरवायचा. सॉलिसिटर, म्हणजे तिकडचे वकील, म्हणायचे, होतंय, जवळ आलंय. त्यांचं उत्तर आल्यापासून सहा महिन्यांत ठरलं नाही तर ट्रायब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे) अर्ज करावा लागतो, ती तारीख कुणाच्याच डायरीत नव्हती. ती उलटून नऊ दिवस झाले होते जेव्हा पलीकडून एका ओळीचा ईमेल आला की तुमची नोटीस मागे घेतल्याचं धरण्यात आलं आहे. नवी नोटीस १२ महिन्यांनंतर. तोवर आम्ही ७९वर. त्यांचा आधीचा खर्च भरला तो वेगळाच. बायको त्या रात्री काही बोलली नाही, मी स्वयंपाकघरात उभा राहून तो ईमेल पुन्हा पुन्हा वाचत होतो.

म्हणून माझं सांगणं: नोटीस द्याच, आणि ती सहा महिन्यांची तारीख स्वतः लिहून ठेवा. सॉलिसिटरच्या भरवशावर राहू नका.

वाट_बघू
शहापूरकरांचा अनुभव खरा आहे, पण मला वाटतं इथे घाई होतेय. २४ मे २०२४ला नव्या कायद्यावर सही झाली आहे. त्यात ९० नाही, ९९० वर्षं मिळणार. ८०च्या खालचा जो जास्तीचा भुर्दंड आहे तो पूर्ण रद्द. जमीनमालकाचा खर्चही बहुतेक वेळा आपल्याला द्यावा लागणार नाही. मोठ्या जमीनमालकांनी त्याला हायकोर्टात आव्हान दिलं होतं, ते ऑक्टोबर २०२५मध्ये फेटाळलं गेलं. मग आज पैसे घालवून ९० वर्षं का घ्यायची? माझ्या भावाच्या फ्लॅटची ६८ वर्षं उरलीत, तो थांबलाय.

लेस्टरचा_शहापूरकर
तुमच्या भावाचं थांबणं मी समजू शकतो, कारण तो आधीच ८०च्या खाली आहे आणि भुर्दंड रद्द होण्याचा फायदा त्याला आहे. तरी त्याला एक विचारा, मध्येच विकायची वेळ आली तर? मुदत ७०च्या खाली गेली की कर्ज द्यायला बऱ्याच बँका का-कू करतात. गिऱ्हाईकच मिळत नाही.

ताईंचं प्रकरण उलटं आहे. त्या आज ८०च्या वर आहेत, त्यांना तो भुर्दंड लागतच नाही. जो खर्च नाहीच, तो रद्द होण्याची वाट कशाला बघायची? कायदा पास झालाय हे खरं. पण त्यातली एक गोष्ट, म्हणजे फ्लॅट घेतल्यावर दोन वर्षं थांबायची अट, ३१ जानेवारी २०२५पासून गेली. किंमत ठरवायची नवी पद्धत मात्र अजून लागू झालेली नाही. ती २४ जूनच्या आत लागू होईल असं धरून चालणं म्हणजे आईच्या औषधाचे पैसे लॉटरीवर लावण्यासारखं आहे.

आकडेमोड करून दाखवतो. समजा फ्लॅटची किंमत २,८०,००० पौंड. जमीनमालकाचं दोन ठिकाणी नुकसान होतं. एक, वर्षाला २५० पौंड ग्राउंड रेंट जाणार. ८० वर्षांचे ते पैसे ७ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले तर साधारण ३,५५० पौंड. दोन, ८० वर्षांनी फ्लॅट हातात येणार होता तो आता १७० वर्षांनी येणार. २,८०,००० ला ५ टक्क्यांनी ८० वर्षं मागे आणलं तर साधारण ५,६५० पौंड. बेरीज ९,००० च्या आसपास.

आता हेच २५ जूनला करा. लीज वाढवल्यामुळे फ्लॅटची किंमत जी वाढते, त्या वाढीतून वरचे ९,००० वजा करायचे आणि उरलेल्याचा अर्धा हिस्सा जमीनमालकाला. याला तिकडे ‘मॅरेज व्हॅल्यू’ म्हणतात. किंमत २०,००० ने वाढते असं धरलं तर उरतात ११,०००, त्यातले ५,५०० त्याचे. एका दिवसात ९,००० चे साडेचौदा हजार. आकडे नमुन्याचे आहेत, पण चढण खरी आहे. अचूक आकडा त्या भागातला मूल्यांकन करणारा सर्व्हेअर देईल, त्याची फी वाचवू नका.

मलप्रभा
आणि त्या ६,५०० च्या ऑफरचं काय? वरवर तर ती स्वस्त दिसते.

लेस्टरचा_शहापूरकर
दिसते खरी. पण ताईंना त्यात १२५ वर्षं मिळतात, म्हणजे नव्याने फक्त ४५ची भर. कायद्याने ९०ची भर, लीज थेट २१९६ पर्यंत. आणि २५० पौंड गुणिले ८० म्हणजे २०,००० पौंड ग्राउंड रेंट चालूच राहतं. फ्लॅट विकताना पुढचा माणूस हे बघतो.

जुन्या लेखांत वाचाल की खाजगी बोलणीत जमीनमालक ग्राउंड रेंट दुप्पट करून ठेवतात. ते आता होत नाही. ३० जून २०२२पासून जुन्या मुदतीपुरतं जास्तीत जास्त आधीचंच भाडं चालू ठेवता येतं आणि वाढवलेल्या मुदतीला शून्य. पत्रात २१०६ हे साल आलं ते त्यामुळेच. ती त्यांची मेहेरबानी नाही, कायद्याने त्यांना तेवढंच घेता येतं.

त्या २१ दिवसांनाही कायद्यात काही आधार नाही. बोलणी चालू ठेवायची तर ठेवा, पण नोटीस देऊन मग बोला. शिवाय लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस नावाची सरकारी पैशावर चालणारी संस्था आहे, ती प्राथमिक सल्ला फुकट देते.

कंकुंबी_पाऊस
मध्येच एक विचारते. ग्राउंड रेंट शून्य म्हणजे कागदावर शून्यच लिहितात का?

लेस्टरचा_शहापूरकर
नाही. ‘पेपरकॉर्न’ लिहितात. मिरीचा एक दाणा. करार पक्का व्हायला मोबदला म्हणून काहीतरी नाममात्र हवं, म्हणून वर्षाला एक मिरी, तीही मागितली तर.

कंकुंबी_पाऊस
खरंच? आमच्या परसात सुपारीवर मिरीचे वेल चढलेत. फेब्रुवारीत घोस लाल व्हायला लागले की उतरवून अंगणात चटईवर वाळवतो, चार-पाच उन्हांत काळी कुळकुळीत होते. तिसरं_गेट ताई, १७० वर्षांची मिरी माझ्याकडून घेऊन जा. एक मूठ पुरेल.

अनगोळकर
मूठभर मिरी देऊन घर राहत असेल तर मी पण खानापुरात जागा बघतो की!

कॅम्पातला
हसलो खरं. पण यातली मोठी गोष्ट ही की तिकडच्या जमीनमालकाला ‘नाही’ म्हणता येत नाही. आमची ९० वर्षं संपली की पुढे काय, हे विचारायला कुठलंच कलम आमच्या हातात नाही. सिडकोच्या ६० वर्षांच्या लीजवाल्या नवी मुंबईकरांनीही हाच प्रश्न इतकी वर्षं लावून धरला.

निपाणीचा_सीए
पैशाची बाजू कुणी घेतली नाही म्हणून लिहितो. ताई, तुम्ही परदेशात राहत असताना घेतलेली मालमत्ता आणि उघडलेलं खातं परत आल्यावरही ठेवता येतं, फेमाचं (परकीय चलनाच्या कायद्याचं) कलम ६(४). तेव्हा भाड्याचे जमलेले पौंड तिथल्या खात्यात असतील तर लीज वाढवायची रक्कम तिथूनच भरा. इथून पाठवायची वेळ आली तर माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, तिचा प्रश्न नाही. पण एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो कर भरताना वळता होतो, तरी पैसे अडकतात. पौंड १२० रुपये धरला तर ९,००० पौंड म्हणजे १० लाख ८० हजार. मिस्टरांनी आणि तुम्ही निम्मे-निम्मे पाठवलेत तर दोघांचीही मर्यादा वेगळी.

आणि दुसरं, परतून दोन-तीन वर्षं झाली की बहुतेकांचा करातला दर्जा बदलतो. तो बदलला की हा फ्लॅट आणि ते खातं रिटर्नमधल्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) दाखवावंच लागतं. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५च्या कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. माझ्याकडे येणाऱ्या परतलेल्या मंडळींत ही चूक नेहमी दिसते. माणसं प्रामाणिक असतात, फक्त कुणी सांगितलेलं नसतं.

नोटरीबाई
सह्यांबद्दल. पूर्वी कलम ४२च्या नोटिशीवर फ्लॅटमालकाची स्वतःची सही लागायची. आजारी माणसं, परदेशातली माणसं त्यात अडकायची. २०१४च्या दुरुस्तीनंतर तुमच्या वतीने सॉलिसिटर सही करू शकतो. नोटीस मे महिन्यावर ढकलू नका, पण सहीसाठी विमानाचं तिकीटही काढू नका.

शेवटी नवी लीज येईल ती ‘डीड’ असते. तिच्यावर तुम्ही दोघांनी साक्षीदारासमोर सही करायची. साक्षीदार प्रत्यक्ष तुमच्या समोर हवा, व्हिडिओ कॉलवरचा चालत नाही. मिस्टर आणि तुम्ही दोघंही करारात आहात म्हणून एकमेकांचे साक्षीदार होऊ नका. शेजारी, डॉक्टर, कुणीही सज्ञान, त्रयस्थ माणूस चालेल. ओळखपत्रांच्या प्रती मात्र सॉलिसिटर म्हणेल तशाच प्रमाणित करून घ्या. मुखत्यारपत्र करायचं ठरलं आणि त्यांनी अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरावा म्हणून सरकारी शिक्का) मागितलं तर तेही होतं, भारत २००५पासून त्या व्यवस्थेत आहे. पण सह्या इथे करता येत असताना मुखत्यारपत्राची गरज मला दिसत नाही.

मलप्रभा
कर्ज अजून चालू असेल तर बँकेलाही कळवा. नवी लीज लँड रजिस्ट्रीत चढताना त्यांचा बोजा तसाच पुढे जातो, पण आधी सांगितलेलं बरं.

तिसरं_गेट
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री आई झोपल्यावर हे सगळं मिस्टरांना वाचून दाखवलं. ठरलं. ऑफर नाही, थांबणंही नाही, नोटीस. उद्या सर्व्हेअरला ईमेल जातो.

वाट_बघू
ताई, तुमच्या बाबतीत माझं म्हणणं मागे घेतो. भावाला मॅरेज व्हॅल्यूचा हिशेब करून दाखवला. त्याला दोन वर्षांत विकायचंच आहे असं आता कळलं. त्यानेही आजच्या कायद्याने किती पडेल याचा आकडा काढायला दिलाय.

अनगोळकर
जाणकारांना एक प्रश्न. पुतणी लीड्सला नोकरीला लागली आहे, वर्षभरात फ्लॅट घेईन म्हणते. बघायला गेल्यावर तिने पहिल्यांदा काय विचारायचं?

लेस्टरचा_शहापूरकर
“किती वर्षं उरलीत, आणि ग्राउंड रेंट किती, कधी वाढतं?” स्वयंपाकघर नंतर बघायचं. शिल्लक कमी असेल तर विकणाऱ्यानेच नोटीस देऊन तिचा हक्क आपल्या नावे करून द्यावा, असंही मागता येतं. दोन वर्षांची अट गेल्यामुळे घेतल्या घेतल्या स्वतःलाही देता येते. आणि स्कॉटलंडात नोकरी बदलली तर ही सगळी चिंताच नाही, तिकडे फ्लॅट सहसा कायमच्या मालकीचे असतात.

तिसरं_गेट
पाच आठवड्यांनी लिहितेय. सर्व्हेअरने ८,६०० ते ९,७०० मध्ये तडजोड होईल असं सांगितलं. नोटिशीत ८,२०० लिहिले. सॉलिसिटरने सही करून ती १८ फेब्रुवारीला पोचवली, नोंदही लँड रजिस्ट्रीत करून घेतली, म्हणजे मध्ये जमीन दुसऱ्या कुणाला विकली तरी नोटीस त्याच्यावर लागू राहील. अनामत ८२० पौंड, भाड्याच्या खात्यातूनच गेली.

उत्तराची शेवटची तारीख २० एप्रिल. ते उत्तर ज्या दिवशी येईल त्याच्यापासून सहा महिने मोजून ती तारीख मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिणार आहे. बाबांनी त्या पानांसाठी आत्ताच खिळा ठोकून जागा केली आहे. साक्षीदार म्हणून पलीकडचे निवृत्त हेडमास्तर काका तयार आहेत, पण त्यांची अट आहे की सगळी पानं आधी वाचणार. मी म्हटलं, काका, चाळीसेक पानं असतील. म्हणाले, सही माझी आहे ना, मग वाचू दे.

कंकुंबी_पाऊस, मिरी मिळाली. डबीवर ‘२१९६ पर्यंत’ अशी चिठ्ठी आईने लावली आहे.